उत्तरेकडचा उतार

८ सप्टेंबर २०२४
सदरलँड

इशबेल,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. पोस्टवाली जेसी गाडीतूनच ओरडली, "न्यूझीलंड! तोर्मोद, तिकडं कोण रे तुझं?" मी म्हटलं, "मेंढरांच्या औषधाची जाहिरात असेल." तिनं पाकीट उलटं करून मागचं नाव वाचलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळलं असणार.

तीस वर्षांनी आलेल्या पत्राला मायना काय लिहावा ते कळेना. 'प्रिय' लिहून खोडलं, मग दुसरा कागद घेतला.

तू विचारतेस की रोरी उत्तरेच्या अंगाला गेलाच कसा? बेन उलाखचा डोंगर तुझ्या भावाला स्वतःच्या स्वयंपाकघरासारखा पाठ होता, मेंढरं दक्षिणेला चरत होती, मग तो तिकडं कशाला मरायला गेला? आई दर रविवारी फोनवर हेच विचारते आणि तुझ्याकडे उत्तर नसतं. शेवटी त्याच्यासोबत मी होतो, तेव्हा मीच सांगावं असं तुझं म्हणणं.

इशबेल, धुकं होतं. त्या डोंगराला वाट नाही हे तुला ठाऊक आहे. मेंढरांच्या वाटासुद्धा अर्ध्यावर दलदलीत विरून जातात. धुक्यात भलाभला माणूस गोल फिरतो. तळ्यापाशी आम्ही वेगळे झालो, तो दक्षिणेला वळला, मी खाली आलो. त्या ऑक्टोबरात मी हेच तुझ्या आईला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, अ‍ॅलिक गनच्या शोधपथकाला सांगितलं. आज एकतीस वर्षांनी त्यात भर घालण्यासारखं काही नाही.

बाकी ठीक. मेंढरं अकराच उरली आहेत. तुझ्या आईला वृद्धाश्रमात नेल्यापासून तुमचं घर बंद असतं. घराला ओल धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा मी जाऊन शेगडी पेटवतो. तुझ्या खोलीच्या खिडकीची चौकट कुजली होती, ती बदलली. रंग तोच दिला आहे.

तोर्मोद


२८ सप्टेंबर

इशबेल,

तुझं उत्तर यायच्या आधीच पुन्हा लिहितो आहे.

काल तुझ्या आईला भेटलो. दोन वर्षांत तिसऱ्यांदा. जवळ राहून इतका कमी जातो याचं कारण तू विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. डोळ्यांनी तिला आता खिडकीचा नुसता उजेड कळतो. कान मात्र शाबूत आहेत.

"कोण, तोर्मोद का? बूट पुसलेस?"

"पुसले, मिसेस मॅके."

"खोटं. चिखलाचा वास येतोय."

तिची देखभाल करणारी पोलिश बाई आहे, ग्राझिना. ती हसली, मीही हसलो. चहा झाला. लेर्गच्या बाजारात यंदा एडक्यांना कुणी विचारलं नाही वगैरे मी सांगत होतो. तुझ्या आईनं मध्येच हात वर केला, शाळेत मास्तरीण करायची तसा.

"ते राहू दे. रोरी उत्तरेला का गेला?"

"धुकं होतं, मिसेस मॅके."

"धुकं माझ्या लग्नाच्या दिवशीही होतं. तरी नवरा बरोबर चर्चमध्ये पोचला."

ग्राझिना पुन्हा हसली. या वेळी मला हसता आलं नाही. तुझी आई माझ्या दिशेला तोंड करून बसली होती, वाट बघत. मी मेंढरांचं निमित्त काढून उठलो.

मागच्या पत्रात लिहिलेलं सगळंच काही खोटं नाही. धुकं होतं.

आता नर हरणं माजावर आली आहेत. दिवसभर डोंगरावरून त्यांचं ओरडणं ऐकू येतं. या दिवसांत मी खिडक्या लावून घेतो आणि रेडिओ मोठ्यानं चालू ठेवतो. गेली एकतीस वर्षं दर ऑक्टोबरात असंच. लोकांना वाटतं तोर्मोदला बातम्यांचा नाद आहे.

बेन उलाखवर मी तेव्हापासून गेलेलो नाही. मेंढरं वर गेली तर कुत्र्याला पाठवतो किंवा तशीच सोडून देतो. पण आता एकदा जाऊन यायचं आहे. एक अंतर बघायचं आहे. इतक्या लांबून माणसाचा आवाज पोचतो की नाही, एवढंच. पोचत नसेल तर तुला तसं कळवीन आणि विषय संपेल.

तोर्मोद


१३ ऑक्टोबर

इशबेल,

हे पत्र बसून वाच. आईचा फोन यायच्या दिवशी वाचू नकोस.

काल वर गेलो. तारीख नेमकी तीच होती, पण मी ती निवडली नव्हती. आठवडाभर पाऊस होता आणि कालच उघडीप पडली. साठीचा माणूस त्या चढावर दर शंभर पावलांना थांबतो. ओढ्याच्या वर पाय टाकायला घट्ट जमीन मिळत नाही. हेदरचं झुडपी रान गुडघ्याएवढं, खाली खड्डे लपलेले. ते संपलं की हिरवंगार शेवाळ, दिसायला गादीसारखं, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. मग पीटच्या कुजट मातीतल्या घळी. दीड माणूस खोल, काळ्या, चिकट. एकीतून वर चढलो की दुसरी. दिशा चुकायला तिथं धुक्याचीसुद्धा गरज नसते. तीन वेळा वाटलं माथा आला, तिन्ही वेळा पुढं आणखी एक उंचवटा निघाला.

तळ्यापाशी पोचलो. आम्ही वेगळे झालो असं मी सगळ्यांना सांगितलं ती जागा. तिथं मी थांबलोसुद्धा नाही. आम्ही तिथं वेगळे झालोच नव्हतो.

आम्ही दोघं उत्तरेलाच गेलो होतो. पाच मेंढ्या तिकडे उतरताना दिसल्या म्हणून. तिसऱ्या घळीत रोरीचा पाय मुरगळला. तो काठावर बसला, बूट सैल केला आणि नेहमीसारखा चेष्टा करायला लागला.

"तोर्मोद, तुमच्या लग्नाला मी कुबडी घेऊन नाचणार बहुतेक. अर्थात लग्न झालं तर."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? इशबेलचे नोकरीचे कागद आलेत की. न्यूझीलंडच्या हॉस्पिटलचे. तीन आठवडे झाले." माझं तोंड बघून तो आणखी हसला. "तिनं सांगितलं नाही तुला? अरेरे! अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे रे, तुला सोडून."

हे मी तुझ्यावर ढकलत नाही. तू ते मला कधी सांगायचं ठरवलं होतंस ते मला माहीत नाही आणि आता विचारणार नाही. रोरीचाही दोष नव्हता, तो तसाच होता, सगळ्यांचीच टर उडवायचा. मी त्याला म्हटलं, "मग बस इथंच आणि हस." कुत्रीला बोलावलं आणि चालू लागलो. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पाठीमागून म्हणाला, "जाताना चहा ठेवायला सांग." हे त्याचे हसत बोललेले शेवटचे शब्द.

काल ती घळ सापडायला मला दोन तास लागले. पावसानं काठ ढासळले आहेत. पण घळीच्या तोंडाशी पीटमधून जुन्या झाडाचा बुंधा वर आलेला आहे, हजारो वर्षांपूर्वीचा. त्यावर रोरीनं पाय टेकवला होता. मी त्याच जागी बसलो. समोरून धुकं चढत आलं, तेव्हा आलं होतं तसंच, खालून वर, आवाज न करता. मग मी उठलो आणि तेव्हा चाललो होतो तसा चालू लागलो, पावलं मोजत.

माझ्या मागून कुणीतरी येत होतं, इशबेल. ओल्या शेवाळातून पाय उपसल्याचा आवाज. मी थांबलो की थांबायचा. एक पाय हलका, एक जड. माझेच पाय असतील. ओल्या जमिनीतून आवाज फिरून परत येतो असं म्हणतात. मी वळून बघितलं नाही.

चारशे दहा पावलांवर खिंडीचा दगड आहे. तेव्हा मी तिथं होतो आणि मला हाक ऐकू आली होती. तीन वेळा. मी कुत्रीला म्हटलं, हरीण ओरडतंय. दिवस हरणांचेच होते. चारी बाजूंनी ओरडत होती. मी स्वतःला सांगितलं की हरीण आहे, आणि खाली उतरलो.

काल त्याच दगडाशी उभा होतो आणि धुक्यात एक नर ओरडला, अगदी जवळ. मी नीट ऐकलं. हरणाच्या ओरडण्याला शेवट नसतो. ते घशातून निघतं, घरघरतं आणि विरतं. त्या हाकेला शेवट होता. माझ्या नावाच्या शेवटी 'द' आहे. तो मी ऐकला होता. तीन वेळा ऐकला होता.

अंतर बघायला गेलो होतो. ऐकू येतं.

पुढचं लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा राहील. खाली आलो तर तुझी आई दारात. "रोरी कुठाय?" मी म्हटलं, तळ्यापाशी वेगळे झालो, तो दक्षिणेकडची मेंढरं बघून येतोय. वाटलं, तासाभरात लंगडत येईल, मला शिव्या देईल, संपलं. तो आला नाही. मग हवालदारानं ते वहीत लिहून घेतलं. वीस माणसं आणि अ‍ॅलिक गन दोन दिवस दक्षिणेचा उतार पिंजत राहिले. मी त्यांच्यासोबत होतो. सकाळी सांगीन म्हटलं, मग दुपारी सांगीन म्हटलं. पहिल्याच दिवशी माझी कुत्री फ्लाय रांग सोडून उत्तरेला पळाली. तिला ठाऊक होतं. अ‍ॅलिक म्हणाला, "कुत्री कुठं चालली रे?" मी शीळ घातली. ती परत आली.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं. एप्रिलमध्ये तो सापडला तेव्हा त्याच्या पँटचे दोन्ही गुडघे फाटलेले होते हे तुला माहीत आहे. सगळे म्हणाले, भरकटला, पडला, पाय मोडला. तो भरकटला नव्हता. खिंडीच्या दगडाकडे, म्हणजे मी गेलो त्या दिशेला, सरपटत येत होता.

काल तिथं उभं राहून मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

हे पत्र मी आज स्वतः लेर्गला जाऊन टाकणार आहे, जेसीच्या हातात देणार नाही. घरी ठेवलं तर जाळीन.

तोर्मोद


१४ नोव्हेंबर

इशबेल,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. "आईला सांग. तू स्वतः. मी सतरा डिसेंबरला येते आहे, त्याच्या आत." पाचवी ओळ तू खोडली आहेस. ती उजेडाला धरून वाचायचा मी प्रयत्न केला नाही.

मागच्या आठवड्यात एका सकाळी गेलो. बूट गाडीतच काढून ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. ग्राझिनाला म्हटलं, जरा बाहेर थांबाल का? तुझी आई म्हणाली, "ती इथंच थांबेल. तुझा आवाज मला बरा वाटत नाहीये."

मी सगळं सांगितलं. तुला लिहिलं त्याच क्रमानं. पाय मुरगळल्याचं, तुझ्या कागदांचं, हाकेचं, कुत्रीचं. ती मांडीवरच्या शालीची एक कड बोटांत धरून फिरवत होती. माझं संपलं. 

मग तिनं विचारलं, "किती वाजले होते?"

"कधी?"

"तू माझ्या दारात आलास तेव्हा."

"साडेचार असतील."

"साडेचारच. मी फोन केला पावणेसहाला." ती थांबली. "तू ओलाचिंब होतास. मी म्हटलं, आधी गरम सूप घे. तू घेतलंस. मग आणखी वाढलं. मटणाचं होतं, जव घातलेलं. रोरी येईलच म्हणून त्याचा वाडगाही काढून ठेवला. बाहेर अंधारायला लागलं तरी मी म्हटलं, आणखी थोडं थांबू. उगाच लोकांना उठवायचं कशाला."

मला सूप आठवतच नव्हतं, इशबेल. आत्ताही आठवत नाही.

"एकतीस वर्षं मी त्या सव्वा तासावर बसून आहे," ती म्हणाली. "तेव्हाच फोन केला असता तर उजेडात माणसं वर पोचली असती. अ‍ॅलिकला मी हे कधी सांगितलं नाही. इशबेललाही नाही. ती गेली तेव्हा मला वाटलं, तिला कळलं असणार, म्हणूनच गेली. तोर्मोद, तेव्हा फोन केला असता तर?"

"माणसं दक्षिणेलाच गेली असती, मिसेस मॅके. मी तिकडंच पाठवलं असतं."

"म्हणजे माझ्या सव्वा तासानं काहीच फरक पडला नाही."

"काहीच नाही."

तिचा चेहरा मला वाचता आला नाही. मी खुर्चीवरून उठून खाली गुडघ्यावर बसलो होतो, कधी बसलो ते कळलं नाही. ती म्हणाली, "तुला पाहिजे असतं तर हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी साठ वर्षांची होते. मला झोप लागली असती."

ग्राझिना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, आता जा. दारापर्यंत गेलो तर पाठीमागून तुझ्या आईनं विचारलं,

"हाकेत काय म्हणत होता?"

"माझं नाव."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मला नाही मारली हाक?"

खोटं बोलावंसं वाटलं. एवढं एकच बोललो असतो तर तिला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मी ऐकलं तोवर तरी नाही."

"हं," ती म्हणाली. "दार लावून घे. गार वारा येतोय."

अ‍ॅलिक गनकडेही गेलो. त्यालाही सांगावं लागेल असं कुणी म्हटलं नव्हतं, पण शोधपथकातले तो आणि आणखी तिघे हयात आहेत. अ‍ॅलिकनं दारातच ऐकून घेतलं. त्याला आता दम लागतो, नळी लावलेली असते. म्हणाला, "कुत्री पळाली तेव्हा मी विचारलं होतं तुला." मग दार लावलं. बाकीच्या तिघांनाही सांगितलं. हवालदार कधीच वारला, म्हणून डॉर्नॉकच्या ठाण्यात जाऊन लिहून दिलं. तिथली मुलगी जन्मलीही नव्हती तेव्हा. तिनं दोन वेळा विचारलं, "म्हणजे तुमची नेमकी तक्रार काय आहे?"

जेसी आता पत्रं पेटीत टाकून जाते, हॉर्न वाजवत नाही.

तोर्मोद


५ डिसेंबर

इशबेल,

तू निघायच्या आत हे पोचेल अशी आशा आहे. तू स्टेशनवर मला नको म्हणून लिहिलंस, मी येणार नाही. तुमच्या घरी शेगडी पेटवून, लाकडं रचून मी आदल्या दिवशी विक गावात चुलतभावाकडे जाईन आणि तू इथं असेपर्यंत तिकडंच राहीन. म्हणजे तुला रस्त्यापलीकडे माझ्या घरात दिवा दिसणार नाही.

पण मंगळवारी जे झालं ते तुला कळायला हवं.

सोमवारी वृद्धाश्रमातून फोन आला. ग्राझिना होती. "त्या म्हणतात, तोर्मोदला सांग गाडी घेऊन ये. कुठं जायचं ते त्यालाच माहीत आहे. डॉक्टर नको म्हणाले. त्यांनी डॉक्टरांना काय उत्तर दिलं ते मी फोनवर सांगू शकत नाही."

तुझ्या आईला तीन शालींत गुंडाळून पुढच्या सीटवर बसवलं. ग्राझिना मागं. जलाशयाला वळसा घालून उत्तरेच्या रस्त्यानं पाऊण तास लागतो.  दुपारचे बारा वाजले होते, तरी सूर्य टेकड्यांच्या वर जेमतेम हातभर. वारा पडलेला. बेन उलाखचा उत्तरेकडचा सगळा उतार समोर होता, वरच्या अर्ध्यावर बर्फ, खाली काळ्या घळी. मी गाडी थांबवली.

"दिसतंय?" तिनं विचारलं.

"दिसतंय."

"कुठं ते सांग. नीट सांग."

मी सांगितलं. ओढा कुठून उतरतो, खिंड कुठं, तिसरी घळ कुठं. ती आंधळ्या डोळ्यांनी माझ्या बोटाच्या मागोमाग मान वळवत होती. मी तिचा हात धरून त्या दिशेला नेला, तो तिनं तिथं धरून ठेवला.

"काच खाली कर."

"दहा मिनिटं," ग्राझिना म्हणाली. "आणि अर्धीच."

"पूर्ण," तुझी आई म्हणाली.

मी पूर्ण खाली केली. तिनं खिडकीवर दोन्ही हात टेकले, पुढं वाकली आणि हाक मारली. "रोरीऽऽ!" रडत नव्हती. जेवायला बोलवायची तशी, अंगणातून, घास थंड होतोय अशी. नव्वदी ओलांडलेल्या बाईचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. पाण्याकाठची बदकं उडाली. ती आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली, मान कलती करून, आणि मग आणखी दोनदा. एकूण तीन वेळा.

मग मागं टेकली. दम लागला होता. म्हणाली, "आता तू."

"मिसेस मॅके, मला..."

"त्यानं मला हाक मारली नव्हती. तुला मारली होती. उत्तर दे त्याला."

मी गाडीतून उतरलो. रस्त्याच्या कडेला, तारेच्या कुंपणाशी उभा राहिलो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा घोगरा निघाला, स्वतःलाच ओळखू येईना. तिसऱ्यांदा मी त्याचं नाव घेऊन ओरडलो, आणि "आलो" म्हणालो. "रोरी, आलो." डोंगरावरून काही आलं नाही. मी बराच वेळ ऐकत होतो. इतका वेळ, की ग्राझिनाला खाली उतरून मला हाताला धरून गाडीत बसवावं लागलं.

परत येताना तुझी आई झोपली. तोंड थोडं उघडं ठेवून, डोकं माझ्या खांद्याकडे कललेलं. वळणावर मी गाडी हळू घेत होतो. वृद्धाश्रमाच्या दारात जाग आली तेव्हा म्हणाली, "तुला मी माफ केलेलं नाही. तसं समजू नकोस."

"नाही समजत."

"ठीक," ती म्हणाली, आणि ग्राझिनाचा हात धरला.

तू आल्यावर ती हे सगळं तुला सांगेलच, कदाचित वेगळ्या तऱ्हेनं. पण या वेळी तुला ते आधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं.

तोर्मोद